ब्राउझर आणि त्याचा घरचा सोबती



गेल्या कार्तिकांत मी मेहकरास माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलों होतों. आमचे दाजी जाऊन त्या वेळीं तीन महिने झाले होते. घरांतील संगणकाचे सारे व्यवहार दाजी पाहात : विजेचें बिल, गॅसची नोंदणी, शेताचा सातबारा, निवृत्तिवेतनाचे कागद, आणि अमेरिकेंत असलेल्या मुलीशीं पत्रव्यवहार. प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड निराळा असावा हें त्यांना पटलेलें होतें. ते सारे कोठें लिहून ठेवावे हें मात्र ठरलेलें नव्हतें. कांहीं पासवर्ड दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर होते, त्यांतले निम्मे खोडलेले. उरलेले त्यांच्या डोक्यांत होते, आणि ते त्यांच्याबरोबर गेले.

बँकेचें काम वारसाच्या नोंदीनें व कागदपत्रांनीं झालें, आणि तें तसेंच व्हावयास हवें. पण ज्या टपालपेटींत मुलीनें बारा वर्षें पाठविलेलीं पत्रें आणि नातवंडांचीं छायाचित्रें होतीं, ती पेटी आजतागायत उघडलेली नाहीं. अक्का मला म्हणाली, "अरे, झालें तें झालें. माझ्या मागें पोरीवर ही पाळी येऊं नये, एवढें करून दे."

तें करून देण्यास अर्धा तास लागावयाचा. मला दोन दिवस लागले. ते कां लागले, आणि त्या दोन दिवसांत ब्राउझर व त्याचा सोबती प्रोग्राम यांच्या नात्याविषयीं मला काय समजलें, तें आज आपल्याला सांगावयाचें आहे.

पासवर्ड सांभाळणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. मीं निवडला तो कीपासएक्ससी. डॉमिनिक राइश्ल या जर्मन गृहस्थानें २००३ सालीं 'कीपास' नांवाचा प्रोग्राम लिहिला. त्याच घराण्यांतील ही पुढची शाखा. तिची पहिली पक्की आवृत्ति जानेवारी २०१७ मध्यें निघाली. हा प्रोग्राम विनामूल्य आहे, आणि तो कसा लिहिला आहे हें कोणालाहि वाचतां येतें. आपले सारे पासवर्ड तो एका फाइलींत, गुप्तलिपींत ठेवतो. ती फाइल आपल्याच संगणकावर असते. तिला तिजोरी म्हणूं. तिजोरीला किल्ली एकच, म्हणजे मुख्य पासवर्ड. तेवढा एक लक्षांत राहिला कीं पुरे.

येथवर सारें सरळ आहे. अडचण यापुढें. तिजोरी संगणकावर एका बाजूला आहे, आणि पासवर्ड मागणारें पान ब्राउझरच्या खिडकींत आहे. एकीकडून उतरवून दुसरीकडे चिकटवावें, असें म्हणतां येईल. पण त्यांत एक धोका आहे. खऱ्या संकेतस्थळासारखें दिसणारें खोटें संकेतस्थळ कोणी उभें केलें, पत्त्यांतलें एकच अक्षर बदललें, तर तें आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं. रंग व बोधचिन्ह ओळखीचें दिसलें कीं आपण विश्वास टाकतों. यंत्र रंगाला भुलत नाहीं. तें पत्त्याचीं अक्षरें ताडून पाहतें. म्हणून पासवर्ड आपण हातानें न नेतां, ब्राउझरनेंच तिजोरीकडे मागावा आणि पत्ता जुळला तरच तो मिळावा, अशी जोडणी करावयाची असते. या जोडणीचे दोन भाग आहेत. ब्राउझरमध्यें बसणारी एक लहानशी पुरवणी, तिला एक्स्टेन्शन म्हणतात. आणि ब्राउझरच्या बाहेर, प्रत्यक्ष संगणकावर बसणारा सोबती प्रोग्राम.

कोणी विचारील, दोन कशाला? सारें काम एक्स्टेन्शननेंच कां करूं नये? याचें उत्तर ब्राउझरच्या रचनेंत आहे.

ब्राउझर म्हणजे जगांतील कोणाचेंहि पान आपल्या घरांत आणून दाखविणारें साधन. त्या पानाबरोबर पानकर्त्यानें लिहिलेला प्रोग्रामहि येतो आणि आपल्याच यंत्रावर चालतो. दिवसांतून आपण पन्नास पानें उघडलीं तर पन्नास अनोळखी माणसें घरांत आलीं असें समजा. त्यांना घरभर फिरूं दिलें, तर कोण कोणत्या कपाटाला हात घालील याचा नेम नाहीं. म्हणून आजचे ब्राउझर पानांभोवतीं कुंपण घालतात. गूगलचा क्रोम सप्टेंबर २००८ मध्यें लोकांसमोर आला तो असें कुंपण घेऊनच. पानाला आपली फाइल आपल्या संमतीवांचून वाचतां येत नाहीं, आणि दुसरा प्रोग्राम परस्पर सुरू करतां येत नाहीं. एक्स्टेन्शनला पानापेक्षां थोडे अधिक अधिकार असतात. तें पान वाचूं शकतें, पानावरचे रकाने भरूं शकतें. पण तेंहि कुंपणाच्या आंतच असतें. तिजोरी कुंपणाच्या बाहेर आहे, आणि तिच्यापर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें. १९९५ च्या सुमारास नेटस्केप या ब्राउझरनें प्लगिन नांवाची सोय काढली. बाहेरच्या प्रोग्रामनें थेट ब्राउझरच्या पोटांत शिरून काम करावें, अशी ती युक्ति होती. वीस वर्षें ती चालली. आपल्याकडे प्रमाणपत्रानें सही करण्याचीं कामेंहि याच वाटेनें होत. परंतु पोटांत शिरलेल्या प्रोग्रामला कुंपण लागू नसे. त्यांत एखादी फट राहिली कीं सारा संगणक उघडा पडे. अखेर क्रोमनें सप्टेंबर २०१५ मध्यें आणि फायरफॉक्सनें मार्च २०१७ मध्यें ही वाट बंद केली. फायरफॉक्सनें फ्लॅशचा तेवढा अपवाद कांहीं काळ राखला होता, तोहि पुढें संपला.

वाट बंद झाली तरी गरज संपली नव्हती. मग एक दुसरी तऱ्हा निघाली. सोबती प्रोग्रामनें संगणकाच्या आंतल्या आंत एका ठराविक क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसावें, आणि ब्राउझरमधील पानानें तें दार ठोठवावें. १ जुलै २०१७ रोजीं जी.एस.टी. सुरू झाला. त्याच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्रानें सही करणाऱ्या व्यापाऱ्यांना व करसल्लागारांना 'एमसायनर' नांवाचा जो प्रोग्राम आपल्या संगणकावर बसवावा लागतो, तो याच जातीचा. कीपासएक्ससीचीहि पहिली तऱ्हा हीच होती. या तऱ्हेचा दोष असा कीं, दार ठोठावणारा कोण हें दारावरून कळत नाहीं. ओळख पटविण्याचा सारा भार आंत बसलेल्या प्रोग्रामवर पडतो.

म्हणून तिसरी तऱ्हा निघाली. तिचें नांव नेटिव्ह मेसेजिंग. क्रोमनें ती २०१३ मध्यें आणली; फायरफॉक्सनें नोव्हेंबर २०१६ मध्यें, आपल्या ५० व्या आवृत्तींत. कीपासएक्ससीनें फेब्रुवारी २०१८ च्या आवृत्तीपासून तिचा स्वीकार केला. अक्काच्या घरीं मला बसवावयाची होती ती हीच.

ती समजण्यास आपल्याच जिल्ह्यांतील एक दृश्य डोळ्यांसमोर आणावें. जालन्याहून मेहकरास येतांना वाटेंत सिंदखेडराजा लागतें. जिजाऊंचें जन्मस्थान असलेला लखुजीराव जाधवांचा वाडा तेथें आहे, आणि त्याचें भव्य प्रवेशद्वार अजून उभें आहे. जुन्या काळीं अशा वाड्यांच्या थोरल्या दरवाजांत एक लहान दार ठेवीत. त्याला दिंडी म्हणत. थोरला दरवाजा बंद असला तरी ओळखीच्या माणसाची ये-जा दिंडींतून होई, एका वेळीं एकाची, आणि तीहि देवडीवरच्या पहारेकऱ्यानें नांव विचारल्यावर. नेटिव्ह मेसेजिंग ही ब्राउझरची दिंडी आहे. थोरला दरवाजा बंदच राहतो. ज्याचें नांव पहारेकऱ्याजवळच्या चिठ्ठींत आहे, त्यालाच दिंडी उघडते.

ही चिठ्ठी म्हणजे संगणकावरील एक लहानशी फाइल. तिच्यांत मुख्य अशा पांच गोष्टी असतात. पहिली, सोबत्याचें नांव. दुसरी, तो काय करतो याची एक ओळ. तिसरी, तो संगणकावर नेमका कोठें ठेवला आहे तो ठावठिकाणा. चौथी, त्याच्याशीं बोलण्याची रीत. आणि पांचवी, सर्वांत महत्त्वाची : कोणत्या एक्स्टेन्शनला त्याच्याशीं बोलण्याची मुभा आहे, त्याची ओळखखूण. क्रोममध्यें ही खूण बत्तीस अक्षरांची असते. त्यांतलें एक अक्षर चुकलें तरी दिंडी उघडत नाहीं. विंडोजमध्यें ही चिठ्ठी कोठें आहे याची नोंद संगणकाच्या मुख्य नोंदवहींत, रजिस्ट्रींत, करावी लागते. लिनक्स व मॅक या पद्धतींत ती ठरलेल्या कप्प्यांतच ठेवावी लागते. प्रत्येक ब्राउझरची नोंद वा कप्पा साधारणपणें निराळा. हें वाक्य कृपा करून लक्षांत ठेवा; माझा दुसरा दिवस त्यांत गेला आहे.

ओळख दोन्ही बाजूंनीं असते. सोबत्याशीं बोलण्याची परवानगी हवी, असें एक्स्टेन्शनला आपल्या जाहीरनाम्यांत आधींच लिहावें लागतें. आणि या एक्स्टेन्शनशीं बोलण्यास हरकत नाहीं, असें सोबत्याच्या चिठ्ठींत असावें लागतें. एकाच्याच इच्छेनें कांहीं होत नाहीं.

एवढें जुळल्यावर बोलणें कसें होतें तेंहि पाहूं. सोबती दारावर कान देऊन बसत नाहीं. एक्स्टेन्शननें मागणी केली कीं ब्राउझर स्वतःच त्याला उठवितो, आणि दोघांमध्यें दोन नळ्या जोडतो, एक जाण्याची, एक येण्याची. प्रत्येक निरोपाच्या आधीं चार बाइटांत निरोपाची लांबी लिहिलेली असते, म्हणजे ऐकणाऱ्याला किती वाचावयाचें तें कळतें. सोबत्याकडून ब्राउझरकडे जाणारा एक निरोप एक मेगाबाइटपेक्षां मोठा चालत नाहीं. सोबत्यानें त्या नळींत एखादें भलतेंच अक्षर टाकलें तर मोजणी चुकते आणि जोडणी तुटते. काम संपून जोडणी बंद झाली कीं सोबतीहि निजतो.

कीपासएक्ससीच्या बाबतींत आणखी एक बारकावा आहे. ब्राउझर ज्याला उठवितो तो खुद्द तिजोरीचा प्रोग्राम नव्हे; तो एक लहानसा मध्यस्थ आहे. खामगांव मुंबई-नागपूरच्या मुख्य लोहमार्गावर नाहीं. जलंबहून सुमारें तेरा किलोमीटरांचा फांटा तेथें जातो. तसा हा मध्यस्थ म्हणजे ब्राउझर आणि तिजोरी यांमधला फांटा. तो निरोप पोंचवितो, पण ते वाचूं शकत नाहीं, कारण एक्स्टेन्शन व तिजोरी आपसांत गुप्तलिपींत बोलतात.

आतां प्रत्यक्ष बसविण्याचा क्रम. प्रथम मूळ प्रोग्राम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून, म्हणजे कीपासएक्ससी डॉट ऑर्ग येथून, आणून संगणकावर रीतसर बसवावा. दुसरें, त्यांत नवी तिजोरी तयार करावी आणि मुख्य पासवर्ड ठरवावा. तो लांब असावा. एकमेकांशीं संबंध नसलेले पांच-सहा शब्द ओळीनें घेतले तरी चालतात, आणि ते आपल्या मराठींतले, रोमन अक्षरांत लिहिलेले, असले तर लक्षांत राहतात. तिसरें, आपण रोज वापरतों त्या ब्राउझरमध्यें, त्याच्याच अधिकृत भांडारांतून, कीपासएक्ससी-ब्राउझर नांवाचें एक्स्टेन्शन घ्यावें. चौथें, मूळ प्रोग्रामच्या 'टूल्स' या सदरांत 'सेटिंग्ज' उघडून 'ब्राउझर इंटिग्रेशन' हा भाग चालू करावा, आणि तेथील यादींत आपल्या ब्राउझरच्या नांवापुढें खूण करावी. ही खूण केली कीं मघाची चिठ्ठी प्रोग्राम आपण होऊन लिहितो. आपल्याला ती हातानें लिहावी लागत नाहीं. पांचवें, तिजोरी उघडी ठेवून ब्राउझरमधील एक्स्टेन्शनच्या चिन्हावर दाबावें व 'कनेक्ट' म्हणावें. तिजोरीचा प्रोग्राम या जोडणीला नांव विचारतो. आम्हीं 'मेहकर घर' असें नांव दिलें. झालें. यापुढें ओळखीच्या संकेतस्थळावर गेलें कीं, एक्स्टेन्शन तिजोरीला विचारतें. तिजोरी आपल्याला विचारते, याला देऊं का म्हणून. आपण हो म्हटलें कीं नांव व पासवर्ड रकान्यांत भरले जातात.

हा क्रम मला ठाऊक होता, आणि तरीहि मीं दोन चुका केल्या. पहिल्या संध्याकाळीं मीं प्रोग्राम अक्काच्या संगणकावर न बसवितां माझ्या खिशांतल्या पेनड्राइव्हवरून चालविला. जोडणी लगेच झाली, विजेच्या बिलाचें पान उघडलें, अक्का प्रसन्न झाली. रात्रीं मीं पेनड्राइव्ह काढून पिशवींत टाकला. सकाळीं अक्कानें संगणक लावला, तर जोडणी नाहीं. मीं अर्धा दिवस एक्स्टेन्शन काढून पुन्हां घालण्यांत घालविला. दोष एक्स्टेन्शनचा नव्हताच. चिठ्ठींत सोबत्याचा ठावठिकाणा पेनड्राइव्हवरचा होता. पहारेकरी चिठ्ठी घेऊन त्या पत्त्यावर गेला, आणि तेथें घरच नव्हतें. प्रोग्राम संगणकावर रीतसर बसविला, एकदां उघडला, त्यानें चिठ्ठी नव्यानें लिहिली, आणि काम चालूं लागलें.

मी समाधानानें चहा घेत होतों तोंच अक्का म्हणाली, "पण हें माझ्या खिडकींत दिसत नाहीं रे." पाहतों तों ती रोज क्रोम वापरते, आणि मीं सारा खटाटोप फायरफॉक्समध्यें केलेला. क्रोममध्यें एक्स्टेन्शन घातलें, तरी जोडणी होईना. कारण यादींत खूण एकट्या फायरफॉक्सपुढें होती. एका वाड्याच्या देवडीवर चिठ्ठी ठेवावयाची आणि दुसऱ्या वाड्याची दिंडी ठोठवावयाची, असा तो प्रकार. ज्याच्यासाठीं काम करावयाचें त्याला आधीं विचारावें, हा धडा संगणकाच्या बाहेरचा आहे, पण तो मला तेथें मिळाला.

म्हणून जोडणी होत नसेल तर एक्स्टेन्शनशीं झगडत बसूं नये. क्रमानें चार गोष्टी पाहाव्या. तिजोरी उघडी आहे का? यादींत याच ब्राउझरपुढें खूण आहे का? प्रोग्राम जेथें बसविला होता तेथेंच आहे का, कीं मध्यंतरीं हलविला? आणि खूण केल्यानंतर ब्राउझर एकदां पूर्ण बंद करून पुन्हां उघडला का? लिनक्स वापरणाऱ्यांनीं आणखी एक पाहावें. एप्रिल २०२२ मध्यें निघालेल्या उबंटूपासून तेथील फायरफॉक्स 'स्नॅप' नांवाच्या बंद पेटींतून येतो. ही पेटी म्हणजे कुंपणाबाहेरचें दुसरें कुंपण. प्रथम तींतून सोबत्याला हांक मारतां येत नसे. तशी अडचण आढळली तर पेटीबाहेरचा ब्राउझर घेणें हा सोपा उपाय.

एवढें सांगून थांबलों असतों, पण अक्कानें संध्याकाळीं एक प्रश्न विचारला, आणि तो या साऱ्या विषयाच्या मुळाशीं आहे. ती म्हणाली, "हा तुझा सोबती माझें सगळें पाहतो. मग त्याला कोण पाहतें?"

प्रश्न अगदीं रास्त आहे. एक्स्टेन्शन कुंपणाच्या आंत असतें. सोबती बाहेर असतो. आपण संगणकावर जें जें करूं शकतों तें तें सारें तो करूं शकतो : फाइली वाचणें, पुसणें, कोठें पाठविणें. ब्राउझर त्याला उठवितो खरा, पण आवरूं शकत नाहीं. म्हणून लबाड लोकांचा सारा प्रयत्न, आपल्याकडून कुंपणाबाहेर कांहीं तरी बसवून घ्यावें, असा असतो. "आज रात्रीं आपली वीज तोडली जाईल, या क्रमांकावर बोला" असे खोटे संदेश २०२२ मध्यें महाराष्ट्रांत फिरले आणि महावितरणला ग्राहकांना सावध करावें लागलें. अशा फसवणुकींत बोलणारा माणूस फोनवर एक ॲप घ्यावयास सांगतो, आणि त्या ॲपमधून आपला पडदा त्याला दिसूं लागतो. कुलूप फोडावें लागत नाहीं. आपणच किल्ली देतों. २०२५ मध्यें विथसिक्युअर या फिनलंडच्या संस्थेनें आणखी एक प्रकार उघडकीस आणला. मूळ कीपास प्रोग्रामचीच बिघडविलेली प्रत कोणी तरी शोधयंत्रावरील जाहिरातींच्या वाटेनें पसरविली होती. ती दिसे हुबेहूब, चालेहि नीट. फक्त तिजोरी उघडली कीं आंतलें सारें साध्या अक्षरांत बाहेर उतरवून ठेवी. तिजोरी चांगली होती. वाईट होतें तें दुकान.

मीं अक्काला सांगितलें, या सोबत्याचा मजकूर उघडा आहे, जाणकार तो वाचतात, हा एक पहारा झाला; पण तो पुरेसा नाहीं. पुढचा पहारा आपलाच. प्रोग्राम घेतांना अधिकृत पत्ता स्वतः टंकावा; शोधयंत्रावर पहिली दिसणारी जाहिरात दाबूं नये. एक्स्टेन्शन घेतांना कर्त्याचें नांव पाहावें. फोनवरून कोणी कांहीं बसवावयास सांगितलें तर तें बसवूं नये, मग तो कोणत्याहि कचेरीचें नांव सांगो. एखादा सोबती नकोसा झाला तर एक्स्टेन्शन काढून थांबूं नये. त्यानें सोबती जात नाहीं, तो संगणकावर तसाच राहतो, म्हणून त्यालाहि वेगळें काढावें. आणि एखाद्या ओळखीच्या पानावर एक्स्टेन्शन एकाएकीं पासवर्ड देईनासें झालें, तर त्याच्यावर चिडून पासवर्ड हातानें भरूं नये. आधीं पानाचा पत्ता वाचावा. बहुधा कांहींच झालेलें नसतें. पण एखाद्या वेळीं तेंच एक आपल्याला सावध करीत असतें.

"आणि तो देऊं का म्हणून विचारतो ना," मीं म्हटलें, "त्या खिडकींत संकेतस्थळाचें नांव असतें. तें वाचल्यावांचून हो म्हणायचें नाहीं. देवडीवरचा पहारेकरी तो नव्हे अक्का, तूं आहेस." अक्का शिक्षिका होती, चाळीस वर्षें तिनें मुलांच्या सह्या आणि पालकांच्या सह्या यांतला फरक ओळखला आहे. तिला हें लगेच पटलें.

राहिली मूळ गोष्ट, जिच्यासाठीं हा सारा व्याप. एका किल्लीची तिजोरी सोयीची खरी, पण ती किल्ली एकाच डोक्यांत राहिली तर दाजींचाच प्रकार पुन्हां होणार. आणि तिजोरीची फाइल एकाच यंत्रावर राहिली तर यंत्राबरोबर तीहि जाणार. म्हणून आम्हीं फाइलीच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर उतरविल्या. एक अक्काच्या कपाटांत आहे, एक मीं आणली. महिन्यांतून एकदां तिनें नवी प्रत घ्यावयाची असें ठरलें. मुख्य पासवर्ड कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून पाकिटांत घातला. लिहिलेला बरोबर आहे याची खात्री म्हणून तिजोरी बंद करून, त्या कागदावरूनच पुन्हां उघडून पाहिली. मग पाकीट बंद केलें. तें दागिन्यांच्या डब्यांत ठेवलें आहे, आणि तें तेथें आहे हें मुलीला फोनवर सांगितलें; आंत काय लिहिलें आहे तें फोनवर सांगितलें नाहीं.

दाजींची टपालपेटी अजून बंद आहे. त्या कंपनीच्या नियमांप्रमाणें अर्ज केला आहे, पाहूं. पाकीट चिकटवितांना अक्कानें त्यावर मुलीचें नांव आणि तारीख लिहिली, व खालीं कंसांत लिहिलें, 'माझ्या मागें उघडावें.' आपल्या घरांत असें पाकीट आहे का, तें आज रात्रीं जेवतांना एकदां विचारून पाहा.